पाव्हण्याची हमी

भांडण चाऱ्यावरून लागलं.

गुराखी तापानं फणफणून पडला होता. गोठ्यात शेळ्या ओरडून ओरडून जीव खात होत्या, आणि चारा ठेवायच्या कोपऱ्यात चिमटीत धरावी एवढी काडीही उरली नव्हती. आक्का अंगणात उकिडवी बसून दगडावर विळ्याला धार लावत होती. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती, कोपरापर्यंत पीठ लागलेली, आणि तिथूनच आक्काला झापत होती.

"तू पाव्हण्याला टेकडीवर पाठवणार? गवत कापायला?"

"मग शेळ्यांना काय तुझं पीठ घालू?"

"मला काय विचारतेस? त्या मॅडमसमोर सही कुणी केली? याला मजुरासारखं राबवणार नाही, जोखमीच्या जागी पाठवणार नाही. मी तिथंच बसले होते. बाईनं तुझ्याकडून वदवून घेतलं."

"गवत कापण्यात कसली आलीय जोखीम? अन् एकटा थोडाच जातोय. धाकटा आहे की सोबत. त्याला वाट तोंडपाठ आहे."

"धाकटा!" मावशीनं कपाळावर हात मारला, तर कपाळ पांढरं झालं. "धाकटा याला सांभाळणार, की हा धाकट्याला?"

आक्कानं बोट फिरवून धार बघितली. खरं तर ती स्वतःच जाणार होती. पण सकाळीच घरातल्या म्हाताऱ्या शिंप्याला फेफरं आलं होतं, आणि आलं की दिवसभर कुणीतरी उशाशी बसावं लागायचं. ते काम पाव्हण्याला अजून जमत नव्हतं. गवत मात्र तो झकास कापायचा. हाताला उरक होता पोराच्या.

आता हा पाव्हणा कोण, ते सांगायला हवं.

आक्काचा धाकटा भाऊ जन्मापासून वेगळा. वय चाळिशीकडे झुकलं, अंगानं आडदांड झाला, पण मन चार वर्षांच्या पोराचं. आईबाप गेल्यावर आक्कानं लग्नाचा विषय मिटवून टाकला आणि शेतावरच्या घरात भावाला घेऊन राहिली. मग कुणीतरी आपली अशीच मुलगी आणून सोडली. मग कुणी शिंप्याला. कुणी सांगून सोडलं, कुणी न सांगता. होता होता घर भरलं. त्याची रीतसर संस्था झाली, दारावर पाटी लागली. पण स्वयंपाकाची मावशी सोडली तर कामाला माणूस मिळेना. गावातली बाई यायची, महिना काढायची आणि म्हणायची, "आक्का, तुझं काम पुण्याचं आहे गं, पण मला रात्री स्वप्नं पडतात." आणि जायची.

तेव्हा शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं वाट दाखवली. परदेशातली तरुण पोरं अशा ठिकाणी वर्षभर बिनपगारी सेवा करायला यायला तयार असतात. फक्त इथल्या संस्थेनं सरकारदरबारी त्यांना स्पॉन्सर करावं लागतं. म्हणजे हमी घ्यायची. त्याचं राहणं, खाणं, दुखणं-खुपणं आणि आला तसा धडधाकट परत जाणं, सगळं आपल्या शिरावर.

गावात चेष्टा झाली. "आक्कानं शेवटी गावाला जावई आणलाच, अन् तोही समुद्रापलीकडून!"

आला तेव्हा दारातून वाकून शिरला, एवढा उंच. उन्हात दोन दिवसांत लालबुंद झाला. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे पाव्हणाच म्हणू लागले, आणि तोही त्याला 'ओ' देऊ लागला. भाषा शिकला ती धाकट्याकडून, त्यामुळे चार वर्षांच्या पोरासारखी बोलायचा. "आक्का आला! मला भूक लागला!" मावशी पदर तोंडात कोंबून हसायची. पण धाकट्याशी त्याचं जे जमलं, ते कुणाशी जमलं नव्हतं. धाकटा त्याच्या शर्टाचं टोक धरून दिवसभर मागं मागं हिंडायचा.

तर असे ते दोघं विळे, दोर आणि पाण्याची बाटली घेऊन निघाले. आक्का फाटकापर्यंत गेली. "गाडीवाटेच्या खालच्या अंगाचंच कापा. वर जाऊ नका. दुपारच्या आत या."

"दुपार आत," पाव्हणा म्हणाला.

"दुपार आत," धाकटा म्हणाला.

पाऊस सरून महिने झाले होते. टेकडी नुसती पिवळी पडली होती, वाळून कोरडीठाक झालेली, चालताना गवत पायाखाली कुरकुरायचं. माती भेगाळलेली. आणि त्या दिवशी वारा सुटला होता. साधा नव्हे, तापलेला, दाराच्या फटीतून शीळ घालणारा वारा. शिंप्याच्या उशाशी बसल्या बसल्या आक्काला तो सारखा ऐकू येत होता, आणि उगाचच तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

आधी वास आला.

तिला वाटलं, मावशीनं चुलीवर काहीतरी करपवलं. तिनं हाक मारली. मावशी स्वयंपाकघरातून आलीच नाही, ती अंगणातून ओरडली. आयुष्यात मावशी तशी ओरडली नव्हती.

"आक्का! टेकडी!"

आक्का बाहेर धावली. टेकडीच्या कमरेवरून धूर निघत होता. पांढरा नव्हे, काळपट पिवळा, आणि वाऱ्यानं तो उभा न राहता गाडीवाटेकडे आडवा लोळत येत होता. त्याच्या बुडाशी लाल रेघ. बघता बघता ती रेघ दोन्ही अंगांनी लांबली.

तिनं फाटकाचा खांब धरला.

"फोन लाव," मावशी म्हणाली. "पाव्हण्याला फोन लाव!"

तिनं लावला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग रिंग गेली, आणि घरातच, पाव्हण्याच्या खोलीतून गाणं वाजायला लागलं. फोन चार्जिंगला लावून पोरगं गेलं होतं.

वाजतंय, वाजतंय, अन् उचलायला कुणी नाही. मावशीनं जाऊन तो बंद केला.

"तू घरात थांब. शिंप्याला सोडू नको, पोरीला बाहेर येऊ देऊ नको," आक्का म्हणाली आणि पळत सुटली. पायात चप्पल आहे की नाही, हेही तिला ठाऊक नव्हतं.

गावातनं माणसं निघाली होतीच. फांद्या, ओली पोती, फावडी घेऊन. पुढारी सगळ्यांच्या पुढं, कानाला फोन, बंब मागवत होता. आक्काला बघून त्यानं फोन खाली केला.

"आक्का, तू कुठं निघालीस? मागं हो."

"धाकटा वर आहे. अन् पाव्हणा."

पुढाऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं तिला बाजूला ओढलं. माणूस वाईट नव्हता. संस्थेला जागेचा दाखला मिळवून देताना त्यानंच धावपळ केली होती. म्हणून तर हळू आवाजात बोलला.

"पाव्हणा वर कशाला गेला?"

"मी पाठवला. गवताला."

"हे बघ, हे आता बोललीस ते परत कुणापुढं बोलू नको. तो आपण होऊन गेला. फिरायला. कळलं? परदेशी माणूस आहे, उद्या सरकार विचारेल. तू पाठवला म्हणालीस तर संस्थेला कुलूप लागेल. अन् तुला..."

"आधी त्यांना शोध रे!" आक्का किंचाळली. "कुलुपाचं काय घेऊन बसलास!"

पण त्याचं बोलणं कानात शिरलं ते शिरलंच. आग तिकडं भडकत होती आणि तिच्या डोक्यात दुसरीच आग लागली. संस्था बंद झाली तर शिंपी कुठं जाईल? ती पोरगी? ज्यांनी न सांगता सोडलं, त्यांचा पत्ता कुणाला माहीत? आणि त्या पोराची आई. तिला काय सांगायचं? कुठल्या भाषेत सांगायचं? मग तिची तिलाच शरम वाटली, की पोरं आगीत आहेत आणि मी हा हिशेब करत बसलेय. पण भीतीला शरम नसते. ती येत राहिली, लाटेवर लाट.

वर कुणालाच जाता येईना. धग अशी, की माणसं दहा पावलं पुढं जायची आणि तोंड झाकून मागं यायची. गवत पेटताना आवाज यायचा तो पाऊस पडल्यासारखा, तडतड, तडतड. मधूनच एखादं झुडूप भप्पकन पेटायचं, आणि आक्काला प्रत्येक वेळी त्यात माणूस दिसायचा. ती हाका मारत राहिली. धाकट्याला, पाव्हण्याला. घसा फुटेपर्यंत. आणि हाक मारता मारताच तिच्या लक्षात आलं, की धाकटा 'ओ' देणार नाही.

भ्याला की तो पळत नाही. बसतो. दोन्ही कानांवर हात दाबतो आणि कशाच्या तरी खाली शिरतो. लहानपणी ढग गडगडले की खाटेखाली. बैल उधळला तेव्हा गाडीखाली. तिथून त्याला चार माणसांनी ओढलं तरी निघायचा नाही.

"तो पळाला नसेल," ती पुढाऱ्याला म्हणाली. "तो कशाच्या तरी खाली असेल."

"टेकडीवर कशाखाली असणार? तिथं आहे काय?"

"मोरी," आक्का म्हणाली. "गाडीवाटेखालची मोरी."

पावसाळ्यात ओहोळाचं पाणी पलीकडं जावं म्हणून गाडीवाटेखाली सिमेंटचा जाडजूड नळ टाकलेला होता. आता तो कोरडा होता, पलीकडचं तोंड गाळानं बुजलेलं. माणूस ओणवा होऊन कसाबसा आत सरकेल एवढा. पण गाडीवाटेवरून तर आग केव्हाच पुढं गेली होती.

वारा फिरला म्हणा किंवा खायला गवत उरलं नाही म्हणा, आग टेकडीच्या पलीकडच्या अंगाला गेली. बंब आला तो तिकडं वळला. आक्का वाट बघत थांबली नाही. काळ्या झालेल्या उतारावर ती चढायला लागली तशी पुढाऱ्यानं तिला आपले बूट दिले, आणि स्वतः ओल्या पोत्यात पाय गुंडाळून मागनं आला. पायाखालची राख अजून धुमसत होती. टेकडी ओळखू येत नव्हती. रोजची झाडं नव्हती, रोजची वाट नव्हती. नुसतं काळं, आणि त्यातून निघणारे धुराचे दोरे. एका जागी विळा दिसला. मूठ जळून गेलेली, पातं तेवढं पडलेलं. आक्का त्याच्याकडं बघत उभी राहिली. तिला पुढं पाऊल टाकवेना.

"चल," पुढारी म्हणाला. "विळा आहे. माणूस नाही."

मोरीचं तोंड काळं पडलं होतं. आत काहीतरी कोंबलेलं दिसत होतं, माती, दगड, जळकं कापड. आक्का गुडघ्यावर बसली. तिनं हातानंच माती ओढायला सुरुवात केली. माती कोमट होती. मागं एक बूट दिसला. मोठा, लांब, रबर वितळून वेडावाकडा झालेला.

बूट हलत नव्हता.

आक्कानं तो धरला. तिला वाटलं, आता ओढला की पाय थंडगार लागेल. ते कळायच्या आधीच्या त्या क्षणात राहता आलं तर बरं, असंही तिला वाटलं. मग तिनं डोळे मिटून ओढला.

बुटानं तिला लाथ मारली.

"जिवंत आहे!" पुढारी ओरडला आणि ढसाढसा रडायलाच लागला, एवढा मोठा माणूस.

पाव्हण्याला बाहेर काढला तेव्हा अंगात शर्ट नव्हता. तो त्यानं आतून मोरीच्या तोंडाला कोंबला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत सोललेले. मोरीच्या तोंडाशी वाळका पालापाचोळा अडकला होता, तो पेटला. मागं धाकटा कान दाबून बसलेला, जागचा हलेना. तेव्हा या पोरानं पेटता पाला नुसत्या हातांनी उपसून बाहेर टाकला आणि माती ओढून तोंड बुजवलं, वर पायांनी दाबून धरलं. त्याला पळता आलं असतं. आग दिसली तेव्हा खालची वाट मोकळी होती. पण धाकट्याला उचलणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि सोडणं त्याला जमलं नाही.

हे सगळं नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, खरखरीत आवाजात, "आक्का, आत आहे. तो ठीक आहे. भीती लागला."

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवस कलला होता. पाव्हण्याच्या मागोमाग आपणच बाहेर सरकलेल्या धाकट्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्यानं कानांवरचे हात काढले नाहीत, कुणाकडं बघितलं नाही. पाव्हण्याला खाटेवर निजवलं तसा तो त्या खाटेखाली शिरला आणि भिंतीला टेकून बसला. नर्स ओरडली, वॉर्डबॉय ओरडला. आक्का म्हणाली, "राहू द्या हो. हात जोडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी कचेरीतल्या मॅडम आल्या. ज्यांच्यापुढं सही झाली होती, त्याच. साधी सुती साडी, चष्मा, आवाज कधी न चढवणारी बाई. आक्काला तर तिनं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. पुढारी दाराशी उभा होता. तो आक्काकडं बघून डोळ्यांनी खुणावत होता, आठवतंय ना?

मॅडमनी खुर्ची ओढली आणि पाव्हण्याला त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. पोरानं आक्काकडं बघितलं आणि मुद्दाम मराठीत उत्तर दिलं.

"मी गेलो. फिरायला. आक्का नको म्हणाला. मी ऐकला नाही."

पुढाऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. मॅडम लिहायला लागल्या.

आक्कानं काही न बोलता बसून राहायचं, एवढंच करायचं होतं. तोंड मिटलेलं ठेवायचं. घर राहील, शिंपी राहील, पोरगी राहील, पाटी राहील. पोरगं स्वतः होऊन सांगतंय, त्यात आपण काय... तिनं त्याच्या हातांकडं बघितलं. पांढऱ्या पट्ट्या बांधलेले ते हात चादरीवर ठेवले होते, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

"खोटं आहे ते," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "मी पाठवलं. चारा नव्हता. मावशी नको म्हणत होती, तरी मीच पाठवलं."

"आक्का!" दारातून पुढारी म्हणाला.

"तू गप. हे पोरगं हात भाजून घेऊन वर माझ्यासाठी खोटं बोलणार? उद्या परत जाऊन लोकांना काय सांगेल, की तो ऐकत नव्हता म्हणून भाजला?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय?"

"नाही कळत. म्हणून तर अंग कापतंय माझं. तुम्हीच सांगा."

मॅडमनी सांगितलं, त्याच शांत आवाजात. हात बरे झाले की पाव्हण्याला दुसऱ्या संस्थेत हलवणार. आक्काच्या संस्थेला यापुढं कुणाला स्पॉन्सर करता येणार नाही. किती काळ, ते वरचे ठरवतील. घर बंद होणार नाही, ते खातं वेगळं आहे. पण माणूस मिळणार नाही.

"तो आपण होऊन गेला असं राहिलं असतं, तर एवढं झालं नसतं," उठताना त्या म्हणाल्या. त्यात राग होता की आणखी काही, ते आक्काला कळलं नाही.

त्या गेल्या. पुढारीही गेला, तिच्याकडं न बघता. आक्का तशीच बसून राहिली. आता सांगून झालं तरी भीती कमी झाली नव्हती. तिनं फक्त जागा बदलली होती. घरी गेल्यावर शिंप्याला कोण धरणार, शेळ्या विकायच्या का, मावशी एकटी किती दिवस ओढणार.

मग मावशीनं पाठवलेला पाव्हण्याचा फोन वाजला.

त्याला धरता येत नव्हता. "आई," तो म्हणाला, आणि आक्कानं बटण दाबून फोन त्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एक बाई आली. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, आक्काच्याच वयाची असावी. मुलाचे हात बघितले आणि ती जी बोलायला लागली, ती थांबेचना. एक शब्द कळत नव्हता, पण राग कळत होता. मध्येच त्या बाईनं पडद्यातून तिच्याकडं बोट दाखवलं.

"काय म्हणते?"

"आई म्हणते, थँक्यू."

"खोटारड्या. इतका वेळ कुणी थँक्यू म्हणतं का? खरं सांग."

पाव्हणा म्हणाला, "आई म्हणते, तू सही केला. तू म्हणाला, मी सांभाळेन. आई म्हणते, ती माफ नाही करणार."

"बरोबर आहे तिचं. सांग तिला, मी तिच्या जागी असते तर मीही केलं नसतं. अन् सांग, मी पाठवलं होतं. तू फिरायला गेला नव्हतास."

त्यानं सांगितलं. मग पलीकडच्या बाईनं काहीतरी विचारलं, हळू.

"ज्याच्यासाठी हात जळला, तो कुठं आहे? ती बघायला मागते."

आक्का खाली वाकली. गुडघे टेकून, डोकं वाकडं करून तिनं फोन खाटेखाली धरला. अंधारात धाकटा बसला होता, कान दाबून, गुडघ्यात हनुवटी. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. वाढलेली दाढी, कानशिलाशी पांढरे केस, अन् घाबरलेले मोठे मोठे डोळे. तो त्या बाईकडं बघत राहिला, आणि ती त्याच्याकडं. दोघांनाही घाई नव्हती. आक्काचा हात भरून आला, तरी तिनं तो हलवला नाही.

थोड्या वेळानं त्या बाईनं काहीतरी म्हटलं. अगदी थोडं.

"काय म्हणाली?" आक्कानं खाटेखालूनच विचारलं. शिव्याशाप असले तरी ऐकायची तिची तयारी होती.

वरून पाव्हण्याचा आवाज आला. "आई म्हणते, तिला वाटला होता, लहान पोरगा आहे. हा तर मोठा माणूस."

"अन्?"

"अन् म्हणते, फरशी गार असते. त्याला बाहेर घे."